घरांतला खेळ आणि हातांतला खेळ

साहित्याच्या अध्यापकानें व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर लेख लिहावा, हा कांहीं वाचकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. "हा पोरखेळ, त्याचें भवितव्य तें काय, आणि त्याची चर्चा वाङ्मयविषयक मासिकांत कशाला?" असा त्यांचा आक्षेप मला आधींच ऐकूं येत आहे. त्यावर माझें उत्तर एवढेंच कीं, कादंबरीहि एके काळीं रिकामटेकड्यांचें व्यसन म्हणून हिणविली जात असे, आणि नाटकाचें नांव काढतांच प्रतिष्ठित घरांतील वडील मंडळी नाक मुरडीत असत. एखादी कला पोरखेळ आहे कीं नाहीं, हें तिच्या वयावरून ठरत नाहीं. तिच्यांतील उत्तम कृति एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात कीं नाहीं, जुन्या कृतींशीं नव्या कृतींची तुलना करतां येते कीं नाहीं, यावरून तें ठरतें. ज्या कलेचें कालचें काम आज पाहावयास मिळत नाहीं, तिची टीकाहि होऊं शकत नाहीं. या यंत्रांच्या भवितव्याचा विचार मी याच दृष्टीनें करणार आहें.

या विषयावर जें लिहिलें जातें त्याचा रोख बहुधा एकाच प्रश्नाकडे असतो: घरांत टीव्हीला जोडून ठेवण्याचा कन्सोल टिकणार, कीं हातांत धरून बाहेर नेण्याचा? माझ्या मतें हा प्रश्न आतां शिळा झाला आहे. त्याचा निकाल लागून गेला. आणि ज्या प्रश्नाचा निकाल लागावयाचा आहे त्याकडे त्या मानानें फार थोड्यांचें लक्ष आहे. तो प्रश्न असा कीं, पैसे देऊन घेतलेला खेळ हा घेणाऱ्याचा राहणार कीं नाहीं? परंतु दुसऱ्या प्रश्नाचें महत्त्व पहिल्याचा इतिहास पाहिल्यावांचून कळणार नाहीं. म्हणून प्रथम त्याचा परामर्श घेऊं.

घरांतला कन्सोल हा वयानें वडील. राल्फ बेअर यांच्या कल्पनेंतून निघालेला मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा 'ओडिसी' हा टीव्हीला जोडावयाचा पहिला कन्सोल १९७२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आला. पुढें तेथें या धंद्याला पूर आला आणि १९८३ मध्यें पूर ओसरून चिखल उरला. दुकानांत न खपणाऱ्या खेळांचे ढीग पडले. त्याच वर्षीं जपानांत निन्टेंडो कंपनीचा 'फॅमिकॉम' निघाला व या व्यवसायाचें केंद्र कांहीं काळ तिकडे गेलें. ही कंपनी मूळची पत्ते बनविणारी. क्योतो शहरांत १८८९ सालीं तिची स्थापना झाली ती फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' पत्ते तयार करण्यासाठीं. सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस अशा पत्त्यांचें कौतुक सांगावयास नको. मला येथें त्यांतील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. पत्त्यांचा कॅट एकदां विकत घेतला कीं तो घेणाऱ्याचा. कारखाना चालला काय किंवा बुडाला काय, डाव मांडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

हातांतल्या कन्सोलची कुळकथा निराळी आहे. निन्टेंडोमध्यें गुनपेई योकोई नांवाचे एक यंत्ररचनाकार होते. आगगाडींत एक प्रवासी कॅल्क्युलेटरचीं बटणें दाबीत वेळ घालवीत आहे, हें पाहून त्यांना खिशांतल्या खेळाची कल्पना सुचली असें सांगतात. तिच्यांतून १९८० सालीं 'गेम अँड वॉच' निघाला. योकोई यांचा सिद्धांत असा कीं, जुनें, मुरलेलें व स्वस्त झालेलें तंत्र घ्यावें आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. १९८९ सालचा 'गेम बॉय' हें त्या सिद्धांताचें उत्तम उदाहरण. त्याचा पडदा रंगहीन व हिरवट. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत. पण सेगा कंपनीचा 'गेम गिअर' सहा सेल तीन ते पांच तासांत खाऊन टाकी, आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ चाले. लोकांनीं रंग सोडला व वेळ घेतला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वंशज यांचे मिळून ११ कोटींहून अधिक नग खपले.

यंत्राच्या आकारानें कृतीचा आकार ठरतो, हें वाङ्मयाच्या अभ्यासकास नवें नाहीं. मासिकाच्या चार पानांनीं लघुकथेला जसें वळण लावलें, तसेंच वळण हातांतल्या कन्सोलनें खेळाला लावलें. अलेक्सेई पाजित्नॉव्ह यांनीं १९८४ सालीं मॉस्कोंत रचलेला 'टेट्रिस' गेम बॉयबरोबर घरोघर गेला तो केवळ योगायोगानें नव्हे. वरून पडणारे तुकडे, खालीं लावावयाची ओळ, केव्हांहि सुरुवात, केव्हांहि शेवट: पुढचें स्टेशन येईपर्यंतच्या वेळांत मावणारी ती रचना होती. त्याहून विचार करण्याजोगें उदाहरण १९९६ सालच्या 'पोकेमॉन'चें. या खेळाच्या दोन आवृत्त्या एकाच वेळीं विक्रीस आल्या, आणि दोहोंपैकीं कोणत्याहि एकींत सर्व प्राणी मिळत नसत. संग्रह पुरा करावयाचा तर दुसरी आवृत्ति असलेला सोबती शोधावा, दोन गेम बॉय एका तारेनें जोडावे आणि प्राण्यांची देवघेव करावी. म्हणजे देवघेव हा त्या कृतीवर घातलेला दागिना नव्हता. तें तिचें शरीरच होतें. खिशांतला खेळ एकट्यानें कोपऱ्यांत बसून खेळतां येतो हें खरें, पण तो दुसऱ्याजवळ नेतां येतो हेंच त्याचें मोठें वैशिष्ट्य, हें त्याच्या रचनाकारांनीं ओळखलें होतें.

घरांतल्या कन्सोलनें उलट मार्ग धरला. सोनी कंपनीनें १९९४ सालीं 'प्लेस्टेशन' काढला, कॅसेटीऐवजीं डिस्क घेतली, आणि चित्रपटासारखा विस्तार, संगीत व संवाद यांना खेळांत ऐसपैस जागा झाली. २००० सालीं निघालेला त्याचा दुसरा अवतार १५ कोटींहून अधिक खपला. चाळीस-पन्नास तास पुरणारे, मोठ्या कादंबरीच्या आवांक्याचे खेळ याच यंत्रांवर वाढले. तेव्हां लघुकथा हातांत आणि कादंबरी घरांत, अशी सोयीची वाटणी कांहीं काळ झाली होती.

ही वाटणी मोडेल असें भाकीत प्रथम मोबाईल फोनकडे पाहून करण्यांत आलें. २००७ सालीं आयफोन व २००८ सालीं त्याचें ॲप स्टोअर निघालें, आणि जाणत्यांनीं हातांतल्या कन्सोलचें श्राद्ध उरकून घेतलें. त्यांना पुरावाहि मिळाला. निन्टेंडोचा 'डीएस' १५ कोटींवर खपला होता. त्यानंतरच्या '३डीएस'ची किंमत २०११ सालीं जपानांत सहा महिन्यांच्या आंत २५,००० येनांवरून १५,००० वर आणावी लागली, व अखेरीस तो आधीच्या यंत्राच्या निम्माच खपला. सोनीच्या 'व्हिटा'चें उत्पादन २०१९ सालीं थांबलें. पण घरांतल्या कन्सोलचें तरी सर्वत्र कुशल होतें असें नाहीं. निन्टेंडोचा २०१२ सालचा 'वी यू' दीड कोटींपर्यंतहि पोंचला नाहीं. अशी दोन्ही पायांना ठेंच लागलेल्या त्या कंपनीनें मार्च २०१७ मध्यें 'स्विच' काढला: घरीं खोबणींत बसविला कीं टीव्हीवर चालणारा, उचलला कीं हातांत चालणारा. तो १५ कोटींच्या वर गेला. आणि जून २०२५ मध्यें निघालेला 'स्विच २' पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून अधिक खपला.

'स्विच'बरोबर निघालेला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ समीक्षकानें मुद्दाम पाहावा. एक विस्तीर्ण, उद्ध्वस्त राज्य. कोणतीहि टेंकडी चढावी, कोणत्याहि दिशेनें जावें. आवांका मोठ्या कादंबरीचा. पण तीत शंभराहून अधिक लहान देवस्थानें विखुरलेलीं आहेत, आणि त्यांतील बहुतेकांतलें कोडें थोड्या वेळांत सुटतें. दीर्घ कादंबरी छोट्या कथांच्या रूपानें वाचतां यावी, तशी ही बांधणी आहे. त्यामुळें दिवाणखान्यांत आणि आगगाडींत ती सारखीच शोभते. तेथें जुना वाद मिटला. व्हॉल्व्ह कंपनीनें २०२२ सालीं 'स्टीम डेक' काढून संगणकावरचे खेळ हातांत आणले. सोनीनें २०२३ सालीं घरच्या प्लेस्टेशनचें चित्र हातांतल्या पडद्यावर दाखविणारा 'पोर्टल' काढला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टचें 'एक्सबॉक्स' हें नांव असूस कंपनीच्या हातांतल्या यंत्रावर झळकलें. घर आणि हात यांमधली भिंत पडली आहे, व ती पुन्हा उभी राहील असें वाटत नाहीं.

दुसरें भाकीत असें होतें कीं, यंत्रच नाहींसें होईल. खेळ दूरच्या संगणकावर चालेल व घरीं केवळ चित्र येईल. गूगलनें नोव्हेंबर २०१९ मध्यें 'स्टेडिया' या नांवानें तो प्रयोग केला आणि १८ जानेवारी २०२३ रोजीं तो बंद केला. आपल्या दुकानांतून झालेल्या खरेदीचे पैसे कंपनीनें परत दिले, हें तिला शोभलें. पण या प्रसंगानें एक गोष्ट शिकविली. जो खेळ आपल्या घरीं नाहीं, तो ज्याच्या घरीं आहे त्यानें दार लावलें कीं संपला. खऱ्या प्रश्नास येथूनच सुरुवात होते.

१९९० नंतरच्या पहिल्या पांच-सात वर्षांत महाराष्ट्रांतल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत जपानी फॅमिकॉमच्या नकला येऊन पोंचल्या होत्या. आमच्या घरींहि माझ्या धाकट्या भावासाठीं वडिलांनीं तसें एक यंत्र आणलें. कॅसेट महाग, म्हणून आमच्या चाळींतल्या पांच घरांच्या मुलांनीं आपसांत ठरविलें कीं, प्रत्येकानें निराळी कॅसेट घ्यावयाची व दर आठवड्याला ती फिरवावयाची. कॅसेट चालेना झाली कीं तीत फुंकर घालीत. कोणती कोणाकडे आहे याची नोंद एका वहींत ठेवीत. मी त्या वेळीं एम्. ए. च्या परीक्षेचा अभ्यास करीत होतों व त्यांच्या गोंगाटानें त्रासून जात असें. आज वाटतें कीं ती वही म्हणजे एक लहानसें ग्रंथालयच होतें. कोणत्या कॅसेटींत काय चांगलें, कोणती पहिल्याच पायरीवर कंटाळा आणते, याविषयीं त्या मुलांचीं मतें ठाम असत. कारण पांचहि जणांनीं पांचहि खेळ खेळलेले असत. एक कृति अनेकांच्या हातांतून गेली म्हणजे टीका आपोआप जन्मास येते. ती शिकविण्यास त्यांना प्राध्यापकाची गरज पडली नाहीं.

ही देवघेव आतां हळूहळू आवळली जात आहे. २०१३ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'एक्सबॉक्स वन'च्या वेळीं वापरलेल्या डिस्कांच्या विक्रीवर व उसनवारीवर बंधनें घालण्याचा बेत जाहीर केला. गिऱ्हाइकांनीं एवढा गिल्ला केला कीं त्याच जून महिन्यांत कंपनीस तो मागें घ्यावा लागला. जें हुकमानें साधलें नाहीं तें पुढें सोयीनें साधलें. २०२० सालीं 'प्लेस्टेशन ५' डिस्कसह व डिस्कविरहित अशा दोन रूपांत निघाला. २०२४ सालच्या त्याच्या 'प्रो' आवृत्तींत डिस्कचा खण मुळींच नाहीं, तो निराळा विकत घेऊन जोडावा लागतो. 'स्विच २'च्या कांहीं कार्डांत खेळच नसतो. कार्ड ही केवळ किल्ली, खेळ इंटरनेटवरून डाऊनलोड करून घ्यावयाचा. न्यायानें हें सांगितलें पाहिजे कीं, अशी किल्ली दुसऱ्यास देतां येते किंवा विकतां येते. शिवाय डाऊनलोड केलेला खेळ कुटुंबगटांतल्या माणसाला दोन आठवडे उसना देण्याची सोयहि निन्टेंडोनें २०२५ सालीं केली. पण पूर्वीं जो हक्क होता तो आतां सवलत झाला आहे. आमच्या चाळींतल्या वहीला कोणी मुदत घातली नव्हती, आणि शेजारी हा कुटुंबांत मोडतो कीं नाहीं हें क्योतोला विचारावें लागत नव्हतें.

याचा परिणाम कोठवर जातो तें पाहूं. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत विकत मिळेनासे झाले आहेत. जुनीं पुस्तकेंहि बाजारांत मिळत नाहींत. पण तीं ग्रंथालयांत जाऊन वाचतां येतात, व आमच्या अभ्यासाची सारी इमारत त्या एका सोयीवर उभी आहे. खेळांच्या बाबतींत ती वाटहि अरुंद आहे. जतन केलेले जुने खेळ संशोधकांस दूर बसून पाहतां यावे म्हणून ग्रंथालयांसाठीं मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें नाकारली. त्याआधीं २७ मार्च २०२३ रोजीं निन्टेंडोनें '३डीएस' व 'वी यू' या यंत्रांच्या इंटरनेटवरील दुकानांतली विक्री बंद केली होती. आधीं घेतलेले खेळ पुन्हा डाऊनलोड करण्याची सोय ठेवली, परंतु जे खेळ केवळ त्याच दुकानांत मिळत ते नव्या गिऱ्हाइकास कायमचे दुर्मिळ झाले. 'द क्रू' या २०१४ सालच्या मोटारशर्यतीच्या खेळाचें उदाहरण याहून बोलकें आहे. यूबीसॉफ्ट कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं त्याचे सर्व्हर थांबविले, आणि ज्यांच्या कपाटांत त्याची डिस्क होती त्यांच्याहि हातीं नुसती चकती उरली. यांतून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ निघाली, व युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ज्यास आपण पोरखेळ म्हणतों त्याच्या जतनासाठीं इतकीं माणसें सही करतात, यावरून त्यांना त्यांत कांहीं टिकाऊ दिसलें असलें पाहिजे.

दुसरी बाजूहि विचारांत घेतली पाहिजे. आमच्या चाळींतल्या कॅसेटींत चोरून नक्कल केलेला माल पुष्कळ होता, व ज्यांनीं ते खेळ रचले त्यांस त्यांतून कवडीहि मिळाली नाहीं, हें मी विसरलों नाहीं. डिस्कवर ओरखडे पडतात. कॅसेटीहि अमरपट्टा घेऊन आलेल्या नाहींत. डाऊनलोडमुळें लहान रचनाकारास दुकानदाराच्या पायां न पडतां आपली कृति जगापुढें मांडतां येते, हा लाभ लहान नव्हे. एका वर्गणींत शेंकडों खेळ मिळतात, तेव्हां ज्या विद्यार्थ्यास एक खेळ घेणें परवडत नाहीं त्याचें भलेंच होतें. वर्गणीच्या वाचनालयांचे आपण सर्व ऋणी आहोंत. त्या पद्धतीला नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु वाचनालय हें पुस्तकांच्या दुकानाच्या जोडीला असतें. दुकान उठवून वाचनालय हेंच एकमेव ठिकाण केलें कीं वर्गणी ठरविणारा धनी होतो. मायक्रोसॉफ्टच्या 'गेम पास'च्या सर्वांत वरच्या वर्गाची अमेरिकेंतली मासिक वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्यें एकदम २० डॉलरांवरून ३० वर गेली, हें या संदर्भांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. सर्व्हर अखंड चालवा, अशीहि कोणाची मागणी नाहीं. चळवळीचें म्हणणें एवढेंच कीं, बंद करतांना खेळ चालूं राहील अशा स्थितींत तो गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावा. प्रकाशकानें दुकान मोडलें म्हणून वाचकाच्या कपाटांतल्या पुस्तकाचीं पानें कोरीं होत नाहींत. त्याहून अधिक येथें कांहीं मागितलेलें नाहीं.

आतां भवितव्याविषयीं माझें अनुमान सांगतों. यंत्र नाहींसें होणार नाहीं. तें महाग होईल व सावकाश बदलेल. पूर्वीं कन्सोल जुना झाला कीं स्वस्त होई. 'प्लेस्टेशन ५' अमेरिकेंत २०२० सालीं ४९९ डॉलरांना निघाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें त्याची किंमत वाढून ५४९ झाली. एका पिढीच्या चित्रांत व पुढच्या पिढीच्या चित्रांत जो फरक पूर्वीं लहान मुलासहि दिसे, तो आतां जाणकारानें दाखवून द्यावा लागतो. अशा काळांत योकोई यांचा जुना सिद्धांत पुन्हा कामास येईल: मुरलेलें तंत्र, बेताची किंमत, नवी कल्पना. हातांतला व घरांतला हा भेद पडद्याच्या लांबीरुंदीपुरता राहील. कंपन्यांची स्पर्धा यंत्रांपेक्षां खात्यांवर होईल. ज्याच्याकडे गिऱ्हाइकाच्या खेळांचें खातें, त्याचें तें गिऱ्हाईक. मागच्या यंत्रावरचे बहुतेक खेळ नव्यावर चालूं देण्याची उदारता कंपन्या आज दाखवितात, तिचें एक मूळ येथें आहे. त्यांत खेळणाराचेंहि हित आहे, यांत शंका नाहीं. पण खातें म्हणजे संग्रह नव्हे. संग्रह वारशानें देतां येतो, उसना देतां येतो, रद्दींत विकतां येतो, आणि कोणा अनोळखी मुलाला तो फुटपाथवर सांपडूंहि शकतो. कॅलिफोर्निया राज्याचा एक कायदा १ जानेवारी २०२५ पासून अंमलांत आला आहे. जें केवळ परवान्यानें मिळतें त्यास 'खरेदी' म्हणावयाचें तर तसें ग्राहकास स्पष्ट सांगावें लागतें. शब्द नीट वापरावा असा आग्रह धरणाऱ्या कायद्याचें मला अध्यापक म्हणून कौतुक वाटतें. पण शब्द सुधारल्यानें वस्तु परत मिळत नाहीं.

म्हणून मुलांच्या हट्टाखातर पैसे मोजणाऱ्या आईबापांस माझी सूचना साधी आहे. नव्या यंत्राचा पडदा किती मोठा व चित्र किती स्पष्ट, हें दुकानदार न विचारतांच सांगेल. आपण त्याला एवढें विचारावें कीं, यांतला खेळ आमच्या मुलाला शेजारच्या मुलास देतां येईल काय, आणि कंपनीनें दार लावल्यावर तो चालेल काय? या प्रश्नांचें उत्तर 'होय' असें देणारें यंत्र थोडें कमी वेगाचें असलें तरी तें मी श्रेष्ठ समजेन. गिऱ्हाईक जें विचारतें तेंच कारखानदार पुढें करूं लागतो, हें २०१३ सालीं एकदां दिसून आलें आहे.

असो. गेल्या दिवाळींत माळा आवरतांना माझ्या भावाचें तें जुनें यंत्र सांपडलें. जोडणीची वायर बदलावी लागली; पण कॅसेट दोन फुंकरांत सुरू झाली. माझी पुतणी तासभर खेळली, आणि चित्रें ओबडधोबड पण उड्या मारण्याची मजा अस्सल, असा तिनें निकाल दिला. तिच्या बापाचें मत याहून बरेंच वरचें होतें, व दोघांचा फराळ होईपर्यंत त्यावर वाद चालला. तीस वर्षांपूर्वींच्या कृतीवर दोन पिढ्यांना भांडतां आलें, याचा मला आनंद झाला. तिच्या आजच्या यंत्रांतल्या खेळांवर तिला तिच्या मुलांशीं असेंच भांडतां येईल कीं नाहीं, हें मात्र आज कोणालाहि खात्रीनें सांगतां येणार नाहीं.